उडालेला रंग

मोठी वस्तू लहान करायची म्हटलं की सगळं तिच्यात मावत नाही. काहीतरी ठेवावं लागतं, काहीतरी सोडावं लागतं. काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे ठरवायचा अधिकार कोणाचा? करणाऱ्याचा, मागणाऱ्याचा, की ज्याची ती वस्तू होती त्याचा? हा प्रश्न एखाद्या महाराजांनी कीर्तनात घेतला असता तर मी मान डोलावून घरी आलो असतो. पण तो माझ्या हातातल्या कामातून निघाला, म्हणून सोडून देता आला नाही.

काम असं. हळद निघाली, शिजली, वाळली, ड्रममध्ये फिरून पॉलिश झाली, वसमतच्या नाहीतर हिंगोलीच्या मार्केटला गेली की मिरगापर्यंत आमच्याकडं थोडी उसंत असते. त्या दिवसांत मी जुन्या ट्रॅक्टरच्या लहान प्रतिकृती करतो. प्रतिकृती हा शब्द गुरुजी लोकांचा. गावातले म्हणतात, "म्हातारा पोरखेळ करायलाय." म्हणू द्या. आमच्या लहानपणी झिजलेल्या चपलेची चाकं कापून गाडा करायचा खेळ प्रत्येक गल्लीत होता. मी आजही टायर जुन्या चपलेच्याच तळाचे करतो. फरक एवढाच, की आता मोजमाप धरतो.

मी एकास सोळा धरतो, म्हणजे खऱ्यातलं सोळा इंच ते माझ्याकडं एक इंच. मागचं मोठं चाक सव्वा मीटरच्या आसपास उंच असतं, ते आठ सेंटीमीटरचं होतं. पण सगळंच असं सरळ भागून लहान होत नाही. खऱ्या ट्रॅक्टरचं वजन सतराशे किलो धरलं, तर मॉडेलचं किती व्हावं? लांबी सोळानं कमी, रुंदी सोळानं, उंचीही सोळानं; म्हणजे चार हजार शहाण्णवनं भागायचं. उत्तर येतं चारशे ग्रॅमच्या थोडं वर. दहावीपर्यंतचं गणित मला या कामात जितकं उपयोगी पडलं तितकं शेतात कधी पडलं नाही. पत्र्याचंही तसंच. एक मिलिमीटर जाड पत्रा लावला तर तो हिशेबानं सोळा मिलिमीटरचं लोखंड होतो आणि मडगाड रणगाड्याचं दिसायला लागतं. म्हणून मी तेलाच्या डब्याचा पातळ पत्रा वापरतो. बानेट फोम शीटचं, सायलेन्सर पेनच्या नळीचा, स्टेरिंगचा दांडा सायकलच्या स्पोकचा, जोडायला एम-सील आणि फेविक्विक.

टायरवरच्या नक्षीची एक गोष्ट सांगतो. शहरातून आणलेल्या खेळण्यात ती पुष्कळदा उलटी असते. मागच्या टायरवर जे तिरपे कंगोरे असतात, त्यांचं टोक मागून पाहिलं तर वरच्या बाजूला हवं. म्हणजे चाक पुढं फिरताना टोक आधी मातीत शिरतं आणि चिखल दोन्ही बाजूंनी बाहेर पडतो. उलटं लावलं तर चिखल मध्येच दाटतो आणि चाक जागेवर फिरायला लागतं. खेळणं करणाऱ्याला हे माहीत नसलं तरी त्याचं काही बिघडत नाही. काळ्या रानात पेरणीच्या वेळी ज्याचा ट्रॅक्टर फसलाय, त्याला ते लगेच खटकतं.

माझ्या नातवानं एकदा मोबाइलवर दाखवलं, की हा नाद साऱ्या जगात आहे. अमेरिकेत आयोवा नावाच्या शेतीच्या राज्यात एर्टल नावाच्या माणसानं १९४५ साली घरातल्या भट्टीत ॲल्युमिनियम वितळवून खेळण्यातले ट्रॅक्टर ओतायला सुरुवात केली. पुढं त्याची मोठी कंपनी झाली. तिथल्या डायर्सव्हिल गावात तर शेतीच्या खेळण्यांचं संग्रहालयच आहे. तिकडची वयस्कर माणसं कंपनीचं तयार मॉडेल घेतात, त्याचा रंग खरवडून काढतात, कापतात, दुसऱ्याचा भाग जोडतात आणि आपल्या बापाकडं होता तसा ट्रॅक्टर करून घेतात. काही जण तो शोरूममधून आत्ताच निघाल्यासारखा चकचकीत ठेवतात. काही जण मुद्दाम गंज, चिखल, तेलाचे डाग रंगवतात. म्हणजे काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हा पेच त्यांनाही आहे.

मी स्वतः तयार मॉडेल बदलण्याचं काम एकदाच केलं. पुण्याला असणाऱ्या भाच्यानं मॅसी फर्ग्युसन ३५ चं परदेशी मॉडेल आणून दिलं. इंग्लंडात १९५० च्या दशकात निघालेला हा ट्रॅक्टर. मद्रासची टॅफे कंपनी १९६० साली सुरू झाली, आणि आपल्याकडं गावोगाव दिसणारा १०३५ हा त्याच घराण्यातला. भाचा म्हणाला, "मामा, याचा आपला १०३५ करा." मी ते टेबलावर ठेवून दोन दिवस नुसतं बघत बसलो. इंग्रजाच्या ट्रॅक्टरवर एकट्या माणसाची जागा होती. आपल्याकडं एकटा माणूस ट्रॅक्टरवर कधी बसलाय? दोन्ही मडगाडांवर माणसं, मागं टॉपलिंकला धरून एक उभा, आणि ट्रालीत आख्खी वरात. मग मी मडगाड रुंद केले, त्यांवर धरायला कड्या लावल्या. पुढं जाड पट्टीचा बंपर, वर छत, छताला झालर, बानेटवर रेडियमच्या अक्षरांत 'आई-वडिलांची कृपा', बंपरला काळी बाहुली, लिंबू-मिरची आणि सीटमागं टेपरेकॉर्डरचा खोका. कामात एकही भाग कंपनीच्या पुस्तकाप्रमाणं राहिला नाही. भाच्यानं उचलून पाहिलं आणि म्हणाला, "आता खरा झाला."

त्याचं ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. कंपनीनं केला तसा तो खरा नव्हता, आम्ही वापरला तसा केल्यावर खरा झाला. इथपर्यंत मला पटलं होतं. पुढं दोन कामं अशी आली, की एवढ्यावर भागेना.

पहिलं काम एका गुरुजींचं. ते जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहेत. त्यांचे वडील एका मोठ्या मालकाकडं सालगडी होते. मालकानं ट्रॅक्टर घेतल्यावर तेच ड्रायव्हर झाले आणि चौदा वर्षं तो त्यांनीच चालवला. नांगरट, मोगडणी, हळदीचे बेड, मळणी, लग्नाच्या वराती, सगळं त्यांच्या हातानं. मालकाला तो रिव्हर्स घेता येत नव्हता हे गावात सगळ्यांना माहीत. गुरुजींनी मला फोटो दिला. ट्रालीच्या फळीवर मालकाचं नाव मोठ्या अक्षरांत होतं. गुरुजी म्हणाले, "तात्या, तेवढं नाव बदला. तिथं माझ्या वडिलांचं टाका."

मी म्हणालो, "गुरुजी, तसा ट्रॅक्टर गावात कधी नव्हता."

ते म्हणाले, "ट्रॅक्टर तर होता. चालवणाराही होता. नाव तेवढं चुकीचं होतं."

मला पटकन उत्तर सुचलं नाही. कारण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आर.सी. बुकावर ज्याचं नाव त्याचा ट्रॅक्टर, हे आर.टी.ओ. पुरतं ठीक आहे. पण पहाटे चारला डिझेलच्या वासात जो उठला, थंडीत इंजिन धरत नाही म्हणून ज्यानं पाणी तापवून ओतलं, त्याचा त्या लोखंडावर काहीच हक्क नाही असं कोण म्हणेल? तरी माझा हात वळेना. मी म्हणालो, "नाव बदललं तर पाहणारा म्हणेल, हे ट्रॅक्टरवाले होते. मग तुमच्या वडिलांनी चौदा वर्षं दुसऱ्याचं रान नांगरलं, ते कुठं गेलं? तेच पुसलं जाईल."

"मंजी हितंबी मालकाचंच नाव ऱ्हायचं?" शिकवताना कधी न निघणारी घरची बोली त्यांच्या तोंडून निघाली. ते शब्द मला लागले.

शेवटी असं झालं. ट्रालीवर जे नाव होतं तेच मी लिहिलं. पण त्यांचे वडील स्टेरिंगला एक निळा रुमाल बांधून ठेवायचे, तो फोटोत नव्हता आणि मला आठवत होता. गुरुजींनी घरातून तोच रुमाल शोधून आणला. त्याची बोटभर चिंधी कापून मी स्टेरिंगला बांधली. सीटच्या पत्र्यावर बसून बसून उडालेला रंग केला, ब्रेकच्या पायदळीवर बुटाशिवायच्या टाचेनं पडते तशी चकाकी केली. मॉडेल न्यायला आले तेव्हा गुरुजींनी माझ्याकडं ब्रश मागितला. टूलबॉक्सचं झाकण उघडून आतल्या बाजूला त्यांनी स्वतःच्या हातानं वडिलांचं नाव लिहिलं. मी काही बोललो नाही. जे मी लिहायला नको होतं, ते लिहायचा त्यांना पूर्ण हक्क होता.

दुसरं काम याच्याहून जड होतं.

आमच्या शेजारी बापू राहायचे, माझ्याहून वयानं मोठे. त्यांचा जुना लाल ट्रॅक्टर होता, सेकंडहँड घेतलेला. एका फाल्गुनात हळदीच्या कंदानं भरलेली दुसऱ्याची ट्राली ओढ्यात फसली. बापू आपला ट्रॅक्टर घेऊन मदतीला गेले. घाईत कोणीतरी साखळी खालच्या हुकाला न लावता वरती बांधली. ट्रॅक्टर चालवणाऱ्या पोरांनी हे ध्यानात ठेवावं म्हणून लिहितो. ओढायची साखळी नेहमी खालच्या हुकालाच लावायची. वर बांधली की ओढ लागताच पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर मागं उलटतो. उडी मारायलाही वेळ मिळत नाही. बापूंना मिळाला नाही. नंतर तो ट्रॅक्टर सरळ केला, विकला आणि त्या पैशात कर्ज फिटलं.

बऱ्याच वर्षांनी त्यांचा मुलगा चाकणहून सुटीवर आला. तिथं तो कारखान्यात आहे. म्हणाला, "काका, आमचा ट्रॅक्टर करून द्या. पण जसा शेवटी होता तसाच करा. उजवा मडगाड दबलेला, स्टेरिंग वाकलेलं." त्यानं मोबाइलमध्ये फोटो दाखवला. ट्रॅक्टर सरळ केल्यावर कोणीतरी काढलेला होता.

चार दिवसांनी वहिनी आल्या. ओसरीवर बसल्या, चहा घेतला, आणि जाता जाता म्हणाल्या, "भाऊजी, पोरानं काय सांगितलंय ते मला कळलंय. तसा करू नका. घरी आला त्या दिवशी कसा होता, हार घालून, कुंकवाची बोटं लावून, तसा करा. मला रोज ते दबलेलं बघायचं व्हत न्हाई."

आता सांगा, कोणाचं ऐकायचं? मुलाचं म्हणणं होतं, की नवा केला तर तो आमचा वाटणार नाही, कोणाचाही वाटेल. आणि जे घडलं ते लपवायचं कशाला? वहिनींचं म्हणणं होतं, की घडलं ते मला दाखवायला मॉडेल लागत नाही. दोघांचंही दुःख एकाच माणसाचं. मी पंधरा-वीस दिवस त्या कामाला हात लावला नाही. हळद झाकण्याचं, ताडपत्र्या धुण्याचं निमित्त काढत राहिलो.

त्या दिवसांत मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा घोळवली. दायमाबादचा रथ. आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी, १९७४ साली एका शेतकऱ्याला झाडाचं खोड खणताना काशाच्या चार वस्तू सापडल्या. त्यातला एक दोन बैलांचा रथ आहे, हातभर लांब, आणि तो हाकणारा माणूस उभा आहे. हडप्पाच्या उत्तरकाळातला म्हणतात, म्हणजे साडेतीन-चार हजार वर्षांचा. ज्या कोणी तो ओतला, त्याच्या गावात बैल आजारी पडत नसतील का? गाडी उलटून माणूस दगावला नसेल का? त्यानं ते काही दाखवलं नाही. तरी तो खोटा वाटत नाही. कारण बैल जुंपलेले आहेत आणि माणूस कामावर उभा आहे. कामाची वेळ त्यानं धरली.

तेव्हा मला माझ्यापुरता फरक कळला. वस्तूवर दोन तऱ्हेच्या खुणा असतात. एक झीज. ती रोजच्या वापरानं येते आणि वर्षानुवर्षं साठते. सीटचा उडालेला रंग, गिअरच्या मुठीचा गेलेला आकडा, हुकाला घासून पडलेली खाच, ही सगळी झीज. ती कष्टाची साक्ष आहे. ती पुसायचा अधिकार मला नाही, मागणाऱ्यालाही नाही. ती पुसून चकचकीत केलं तर काम करणारा माणूसच पुसला जातो. दुसरी खूण जखमेची. ती एका क्षणात होते. ती ज्याच्या जिवाला लागली त्याची असते. ती उघडी ठेवायची की झाकायची, हे त्यानंच ठरवावं. दवाखान्यातसुद्धा डॉक्टर बाईमाणसाची जखम सगळ्यांसमोर उघडत नाही. पण म्हणून ती झालीच नाही असं कोणी म्हणत नाही.

मुलाला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "काका, मग हे खोटंच झालं की."

मी म्हणालो, "कोणतंही मॉडेल एका दिवसाचं असतं. तुझ्या आईला पहिला दिवस पाहिजे, तुला शेवटचा पाहिजे. मी मधला एक दिवस धरतो. तो दिवसही होऊन गेलेला आहे. असा दिवस धरला जो कधी झालाच नाही, तर मी खोटा."

मी मधला दिवस धरला. हार घातले नाहीत, मडगाड दाबला नाही. लाल रंग उन्हानं फिका पडल्यासारखा केला. डाव्या मडगाडवर मात्र बरोबर वीतभराच्या हिशेबानं रंग घासून खालचा पत्रा उघडा केला. वहिनी भाकरीचं गठुडं घेऊन रोज तिथंच बसून शेताला जायच्या. तिथला रंग त्यांच्याच बसण्यानं गेला होता. साखळी मुलाला हवी होती. ती मी केली आणि टूलबॉक्समध्ये ठेवली, जिथं बापू ती ठेवायचे.

मॉडेल दिलं तेव्हा मुलगा फार काही बोलला नाही. तो पूर्ण राजी झाला असं मी म्हणणार नाही. वहिनींनी डाव्या मडगाडवरच्या उघड्या पत्र्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "हितं मी बसायची." बास, तेवढंच.

एक शंका उरते, ती वाचकांच्या मनातही आली असेल. पोळ्याला आपण मातीचे बैल करतो. ते नेहमी धष्टपुष्ट, वशिंड टपोरं, शिंगं सारखी. घरचा बैल हाडकुळा असला, एका शिंगाचा असला, किंवा कर्जापायी बाजारात विकला गेलेला असला, तरी देवापुढचा बैल सुंदरच. ज्याच्या गोठ्यात आज बैलच नाही, ट्रॅक्टरनं जागा घेतली, तोही जोडी मांडून पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतो. मग तो खोटेपणा कसा चालतो?

मला वाटतं, तो बैल साक्ष देत नाही. तो मागणं मागतो. असा बैल असावा, अशी जोडी दावणीला राहावी, हे त्यात बोललेलं असतं. मागण्याला खऱ्या-खोट्याचा हिशेब लागत नाही. शिवाय पूजा झाली की तो पाण्यात नाहीतर तुळशीच्या बुडाशी विरघळतो. त्याची माती मातीत जाते, पुढच्या वर्षी नवा करावा लागतो, आणि नवं मागणं मागावं लागतं.

माझ्या फोमचं आणि पत्र्याचं तसं नाही. ते लवकर कुजणारं नाही. एच.एम.टी.चा ट्रॅक्टर १९७१ साली पिंजोरला सुरू झाला आणि २०१६ साली सरकारनं तो बंद करायचं ठरवलं. आमच्या शिवारात जे उरलेत तेही भंगाराच्या वाटेवर आहेत. उद्याच्या लेकराला ट्रॅक्टर कसा होता हे कपाटातल्या मॉडेलवरूनच कळणार. त्याला कोणी सांगणारा नसेल, की इथं एक बाई बसायची, इथं एक सालगडी निळा रुमाल बांधायचा. तेव्हा उडालेला रंगच बोलेल. म्हणून माझ्या पोरखेळात मी नवा रंग लावायला एक दिवस घेतो आणि तो घासून काढायला चार.